गॉल्टन पूल, कालव्यावरचे लोखंडी साकव आणि आपण : वेस्ट मिडलंड्समधील मराठी मंडळींना खुले पत्र

प्रति,
बर्मिंगहॅम, स्मेदिक, ओल्डबरी, वेस्ट ब्रॉमविच, टिप्टन, वुल्व्हरहॅम्प्टन आणि परिसरात राहणारे मराठी अभियंते, विद्यार्थी, नोकरदार व त्यांचे कुटुंबीय यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बरेच जण रोज ज्या रेल्वेमार्गाने बर्मिंगहॅमहून वुल्व्हरहॅम्प्टनकडे जातात, त्या मार्गाला लागूनच एक सरळसोट कालवा वाहतो, आणि त्या कालव्यावर एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशाच्या सुरुवातीस ओतलेले बिडाचे पूल आजही उभे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा, स्मेदिकचा गॉल्टन पूल, १८२९ साली रस्त्यासाठी बांधला गेला आणि आज केवळ पादचारी व सायकलस्वार वापरतात. बाकीचे लहान पूल, ज्यांना साकवच म्हणावे, ते पहिल्यापासून माणूस आणि घोडा यांच्यापुरतेच होते. ज्या धंद्यासाठी हे पूल उभे राहिले तो धंदा अर्ध्या शतकापूर्वीच संपला. आता ते उभे आहेत ते वारसासंरक्षणाच्या कायद्यामुळे आणि त्यांच्यावरून चालणाऱ्या लोकांमुळे, आणि हा कायदाही परिसरातले लोक बोलले तरच नीट चालतो. या बोलण्यात आपण मराठी माणसे जवळजवळ नसतोच. ही अनुपस्थिती संपावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

हे पूल कशासाठी होते ते आधी सांगणे भाग आहे, कारण एखाद्या वस्तूचे काम समजल्याशिवाय तिचे काय जपायचे हेही ठरवता येत नाही. बर्मिंगहॅम कालव्याला ब्रिटिश संसदेने १७६८ साली मंजुरी दिली, जेम्स ब्रिंडली यांनी त्याची आखणी केली, आणि १७६९च्या नोव्हेंबरमध्ये वेन्सबरीच्या खाणींतला कोळसा पहिल्यांदा पाण्यावरून बर्मिंगहॅमजवळ पोहोचला. जमिनीची उंची राखत, टेकड्यांना वळसे घालत जाणे ही ब्रिंडली यांची रीत होती, त्यामुळे त्यांचा कालवा स्वस्तात झाला खरा, पण तो वाकडातिकडा होता. स्मेदिकला तर टेकडी ओलांडण्यासाठी लॉकच्या, म्हणजे पाणी भरून नाव वर चढवणाऱ्या दारबंद हौदांच्या, पायऱ्या चढून पुन्हा उतराव्या लागत, आणि चढलेल्या उंचीवर पाण्याचा तुटवडा कायमचा असे. जॉन स्मीटन यांनी १७९०च्या सुमारास हा माथा अठरा फुटांनी खाली आणला. पुढे वाहतूक एवढी वाढली की तेही अपुरे पडले. १८२४ साली कालवा कंपनीने थॉमस टेलफर्ड यांना बोलावले. त्यांनी जुन्या कालव्याची पाहणी करून तो एका वेड्यावाकड्या चरापेक्षा फारसा बरा नाही, त्याच्या काठाने नावा ओढणाऱ्या घोड्यांना धड वाट नाही आणि ते घसरून पाण्यात पडतात, अशा अर्थाचे परखड मत नोंदवले.

टेलफर्ड यांनी सुचवलेला आणि बांधलेला नवा मुख्य कालवा म्हणजे आज आपण आगगाडीच्या खिडकीतून पाहतो तो. बर्मिंगहॅम ते वुल्व्हरहॅम्प्टन हे अंतर त्यामुळे सुमारे सात मैलांनी कमी झाले. कालवा चाळीस फूट रुंद केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नावांच्या दोरांचा गुंता होऊ नये म्हणून दोन्ही काठांनी घोड्यांसाठी वाट, म्हणजे इथल्या बोलीत टोपाथ, ठेवली. स्मेदिकची टेकडी त्यांनी चढली नाही. सत्तर फूट खोल खिंड खणून ती आरपार कापली. फावडी, कुदळी, ढकलगाड्या आणि घोडे एवढ्याच बळावर हे काम झाले, हे त्या खिंडीच्या तळाशी उभे राहून वर पाहिल्यावर पटकन खरे वाटत नाही.

खिंड पडली की रस्ता तुटतो. रोबक लेन हा रस्ता या खिंडीवरून पलीकडे न्यायचा, तर तळातून खांब उभे करणे शक्य नव्हते, कारण तळात कालवा होता आणि त्यावर नावांची अखंड ये-जा असायची. म्हणून एकाच कमानीचा पूल ठरला, आणि तो बिडाचा ठरला. कमानीचा गाळा दीडशे फुटांचा, म्हणजे सुमारे ४६ मीटरांचा आहे. शेजारीशेजारी उभ्या केलेल्या सहा फासळ्यांवर पूल तोललेला आहे आणि प्रत्येक फासळी सात ओतीव तुकडे बोल्टने जोडून केलेली आहे. ओतकाम टिप्टनच्या हॉर्सली आयर्न वर्क्समध्ये झाले आणि कारखान्याने आपले नाव पुलाच्या लोखंडातच ओतून ठेवले. याच कारखान्याने १८२२ साली ‘एरन मॅन्बी’ ही लोखंडी आगबोट तयार केली होती, जी समुद्रात उतरलेली पहिली लोखंडी वाफबोट मानली जाते. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात बोटीचे भाग घडवून ते लंडनला नेऊन जोडण्याची हिंमत ज्यांनी केली, त्यांना गावाशेजारच्या खिंडीवर दीडशे फुटांची कमान टाकणे अवघड वाटले नसावे.

आपल्यातल्या ज्यांचे घर कोल्हापूर, इचलकरंजी किंवा बेळगावच्या फौंड्र्यांच्या परिसरात आहे, त्यांना बिडाचा स्वभाव नव्याने सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात असे, की बिडात कार्बनचे प्रमाण दोन ते चार टक्के असते, त्यामुळे ते वितळून साच्यात सहज वाहते आणि हवा तो आकार घेते. दाब ते उत्तम सोसते, पण ताण आला की पूर्वसूचना न देता तुटते. कमानीत सगळा भार दाबाच्या रूपाने दोन्ही टोकांच्या बांधकामाकडे जातो, म्हणून कमान ही बिडासाठी योग्य रचना, आणि सरळ तुळई अयोग्य. १८४७ साली चेस्टरजवळ डी नदीवरचा रेल्वेपूल कोसळून माणसे दगावली, तो बिडाच्या सरळ तुळयांचा होता, आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांच्यासारख्या नामवंत अभियंत्याला त्या प्रकरणात चौकशीला सामोरे जावे लागले. टेलफर्ड यांनी त्याआधी अठरा वर्षे स्मेदिकला जे केले ते टिकले, कारण त्यांनी बिडाला त्याच्या स्वभावाविरुद्ध कामाला जुंपले नाही. घोडे व गाड्यांच्या भाराचा विचार करून बांधलेल्या या पुलावरून मोटारी आणि लॉऱ्याही धावल्या. सुमारे १४० वर्षांनी शेजारून नवा रस्ता झाला, तेव्हा कुठे त्याला वाहनांपासून सुटका मिळाली.

त्या नव्या रस्त्याविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७४च्या सुमारास हा रस्ता करताना खिंडीचा एक भाग भरून काढला गेला आणि खालचे दोन्ही कालवे, म्हणजे ब्रिंडली-स्मीटन यांचा जुना आणि टेलफर्ड यांचा नवा, काँक्रीटच्या बोगद्यांतून नेले गेले. टेलफर्ड यांनी जी खिंड मोकळी केली ती बुजवणाऱ्या या रस्त्याला नाव देण्यात आले टेलफर्ड वे. तरीही जुना पूल पाडला गेला नाही, याचे श्रेय त्या काळच्या निर्णयकर्त्यांना द्यायला हवे; भंगाराच्या भावात अनेक बिडाचे पूल त्या दशकांत गेले. आज गॉल्टन पुलाला पहिल्या श्रेणीच्या वारसावास्तूचा दर्जा आहे, आणि १९९५ साली उघडलेल्या शेजारच्या रेल्वेस्थानकालाही त्याचेच नाव मिळाले आहे. आपल्यातले शेकडो लोक या स्थानकावर गाडी बदलतात, आणि नावातला ‘ब्रिज’ कुठला, हा प्रश्न त्यांतल्या फार थोड्यांना पडतो.

गॉल्टन पुलाकडे लक्ष निदान त्याच्या आकारामुळे जाते. माझी खरी काळजी लहान पुलांची आहे. कालव्याला जिथे फाटा फुटतो किंवा कारखान्याच्या धक्क्याकडे जाणारा जलमार्ग वळतो, तिथे काठाची वाट त्या फाट्याच्या मुखाशी तुटते. नाव ओढणारा घोडा आणि त्याला हाकणारा माणूस यांना पलीकडे नेण्यासाठी फाट्याच्या तोंडावर पूल लागे. तो लांब गाळ्याचा हवा, कारण खालून भरलेल्या नावा वळायच्या. हलका हवा, कारण काठाची जमीन भरावाची. आणि स्वस्त व झटपट हवा, कारण असे फाटे असंख्य होते. हॉर्सली कारखान्याने यावर जे उत्तर काढले ते मला गॉल्टन पुलाइतकेच बुद्धिमान वाटते. एकदा पॅटर्न, म्हणजे भागाचा नमुना, तयार केला की त्यावरून पुन्हापुन्हा साचे करून तेच भाग ओतता येत होते, ते नावेत घालून कालव्यानेच जागेवर नेता येत होते, आणि विटांच्या दोन आधारांवर मध्यभागी बोल्ट आवळला की कमान उभी राहत होती. स्मेदिक जंक्शनवर, जिथे जुना आणि नवा कालवा एकत्र येतात, तिथे १८२८ सालचे असे दोन जुळे पूल आहेत. फुल्यांच्या नक्षीचे त्यांचे कठडे इतके सडपातळ आहेत, की ते केवळ शोभेचे असावेत असे वाटते. वास्तविक तेच पुलाची कमान आहेत. अशाच घडणीचे पूल पुढे ऑक्सफर्ड कालव्यावर, ब्रॉन्स्टनपर्यंत गेले. सुट्या भागांचे, कारखान्यात घडवून जागेवर जोडायचे बांधकाम ही विसाव्या शतकाची देणगी आहे, असे आपण अभियांत्रिकीच्या वर्गात ऐकून आलेलो असू, तर ते इथे येऊन एकदा तपासून घ्यावे.

या पुलांजवळ गेलात तर कठड्याच्या कडेवरून हात फिरवून पाहा. लोखंडात खोल, गुळगुळीत खाचा लागतील, काही ठिकाणी बोट पुरे बुडेल एवढ्या. घोडा पूल चढून उतरत असताना त्याला बांधलेला दोर कठड्याला घासत जाई. दोर सुताचा, तो कितीही मऊ असला तरी ओला झाला की वाटेवरची वाळू आणि कोळशाची कच त्यात चिकटून बसे आणि त्याची कानस होई. आपल्याकडे जुन्या आडाच्या काठच्या दगडावर पोहऱ्याच्या दोराने जशा खाचा पडतात, तशाच या, फक्त दगडाच्या जागी बीड आहे आणि पाण्याच्या जागी तीस-तीस टनांच्या आसपास कोळशाच्या खेपा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या कालव्यांवरून वर्षाला ऐंशी लाख टनांहून अधिक माल जात होता. त्या आकड्यामागची माणसे आणि जनावरे यांची नावे कुठल्याच वहीत नाहीत. त्यांनी मागे ठेवलेली एकमेव सही ही खाचांची आहे. टेलफर्ड यांचे नाव रस्त्याला मिळाले, गॉल्टन यांचे पुलाला आणि स्थानकाला, हॉर्सलीने आपले स्वतःच ओतून घेतले.

म्हणूनच दुरुस्ती या शब्दाची मला धास्ती वाटते. झिजलेली कड म्हणजे दोष, तो भरून सारखा करावा, असे एखाद्या ठेकेदाराला वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि भरण करून वर रंगाचा जाड थर दिला की दोनशे वर्षांचा पुरावा एका दुपारी नाहीसा होऊ शकतो. बिडाला भेग गेली तर ती सांधणे आवश्यकच आहे; बिडाचे वेल्डिंग भरवशाचे होत नाही, म्हणून भेगेच्या आरपार धातूचे टाके घालून ती शिवण्याची पद्धत वापरतात, आणि ती चांगली आहे. परंतु भेग आणि खाच यांत फरक आहे. भेग पुलाला कमजोर करते, ती दुरुस्त व्हावी. खाच पुलाचा इतिहास सांगते, ती तशीच राहावी. हा फरक आराखड्यात लेखी नमूद असावा, असा आग्रह धरणारे लोक परिसरात असले पाहिजेत.

रंगाचेही असेच आहे. गॉल्टन पूल मुळात काळा होता. १९८०च्या दशकातल्या डागडुजीनंतर त्याची नक्षी उठून दिसावी म्हणून त्याला निराळी रंगसंगती देण्यात आली. ती कुणाला आवडेल, कुणाला नाही. मला स्वतःला ती थोडी उत्सवी वाटते, पण हा रुचीचा प्रश्न झाला. रुचीवर न सोडता पुराव्यावर निर्णय कसा घ्यावा, याचा धडा फार दूर नाही. १७७९ साली श्रॉपशरमध्ये सेव्हर्न नदीवर उभारलेला जगातला पहिला मोठा बिडाचा पूल अनेक दशके राखाडी होता. २०१७-१८ साली इंग्लिश हेरिटेजने त्याची मोठी दुरुस्ती केली, तेव्हा जुन्या रंगाच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या, मूळ रंग गडद तांबूस-तपकिरी असल्याचे दिसले, आणि पूल पुन्हा त्या रंगात रंगवला गेला. राखाडीची सवय झालेल्या अनेकांना तो बदल रुचला नाही, पण निर्णयामागे पुरावा होता. स्मेदिकच्या पुलांची रंगरंगोटी पुन्हा निघेल तेव्हा आधी अशी तपासणी व्हावी, एवढी मागणी कुणीही सामान्य नागरिक करू शकतो. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

आता त्या प्रश्नाकडे वळतो, जो एका स्नेहमेळाव्यात मला थेट विचारला गेला आणि जो आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात असणार. हा वारसा त्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. या कालव्याच्या काठी स्मेदिकच्या परिसरात जे कारखाने उभे राहिले त्यांची यादी पाहिली तर आपल्याकडची ओळखीची नावे दिसतात. नेटलफोल्ड यांचा हीथ स्ट्रीटवरचा स्क्रूचा कारखाना पुढे गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स झाला, आणि त्याच घराण्यातली गेस्ट कीन विल्यम्स ही कंपनी मुंबईत भांडुपला होती. जीकेडब्ल्यूच्या पाळ्यांवर गिरणगावापलीकडची कित्येक मराठी घरे वाढली. बोल्टन आणि वॉट यांची सोहो फौंड्री १८९५ साली अ‍ॅव्हरी या वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीने घेतली; अ‍ॅव्हरीचे नाव असलेला काटा आपल्याकडच्या बाजारपेठेत पाहिलेला नाही असा जुन्या पिढीतला माणूस विरळा. १८५१च्या लंडन प्रदर्शनाच्या काचमहालाची काच चान्स ब्रदर्सच्या कारखान्यातली आणि लोखंडी सांगाडा फॉक्स हेंडरसनच्या लंडन वर्क्समधला. दोन्ही स्मेदिकचे, दोन्ही कालव्याकाठचे. साम्राज्याच्या व्यापाराचा जो भार हिंदुस्थानने वाहिला, त्याच्या यंत्रसामग्रीचा एक टोकाचा धागा या पाण्यावरून जात होता. त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कुणाकडून मागून घ्यायचा नाही.

पुलाच्या नावाचीही एक बाजू आहे, जी फलकांवर सहसा नसते. ज्यांच्यावरून पुलाला नाव मिळाले ते सॅम्युअल टर्शियस गॉल्टन हे कालवा कंपनीतले मोठे गुंतवणूकदार व पेढीवाले. त्यांच्या घराण्याची संपत्ती बंदुकांच्या धंद्यातून आलेली होती, आणि बर्मिंगहॅमच्या बंदुका पश्चिम आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारात चलनासारख्या वापरल्या जात. युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाने याच कारणावरून त्यांच्या वडिलांना १७९६ साली पंथाबाहेर काढले. सॅम्युअल टर्शियस यांचे पुत्र फ्रान्सिस गॉल्टन. बोटांच्या ठशांचा अभ्यास त्यांनी शास्त्राच्या पातळीवर नेला, आणि मानववंश ‘सुधारण्या’च्या ज्या विचाराला त्यांनी १८८३ साली नाव दिले, त्याचे पुढच्या शतकात काय झाले ते जगाने पाहिले. पुलाचे नाव बदलावे असे माझे म्हणणे नाही. लोखंडात ओतलेले नाव खरवडून इतिहास बदलत नाही. पण पुलाजवळच्या माहितीत हे असावे, आणि ते असावे असे म्हणणाऱ्यांत आपण असावे. ज्यांच्या पूर्वजांची डोकी मोजून त्यांच्या जाती-वंशांची प्रतवारी लावली गेली, त्यांना हे म्हणण्याचा हक्क इतरांपेक्षा कमी नक्कीच नाही.

आणि आपल्याआधी इथे आलेल्यांचे काय? १९५० आणि ६०च्या दशकांत स्मेदिकच्या ओतशाळांतल्या सर्वांत तापलेल्या, सर्वांत धुराच्या जागी पंजाबहून आलेले कामगार उभे होते. त्यांना घरे नाकारली जात होती. मार्शल स्ट्रीटवरची घरे केवळ गोऱ्या कुटुंबांसाठी राखण्याचा घाट घातला गेला, तेव्हा इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या निमंत्रणावरून १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स त्या रस्त्यावर येऊन गेले. भारतीय माणसाचे म्हणणे इथल्या सभागृहात ऐकले जाते, हे त्या लोकांनी मिळवलेले आहे. आपण त्यांच्यानंतर, पुण्याच्या मोटार कारखान्यांतून, आयटी कंपन्यांतून, विद्यापीठांच्या प्रवेशपत्रांवर, बऱ्याच सोयीच्या परिस्थितीत आलो. ओतकाम ज्यांनी केले ते आता वृद्ध झाले आहेत किंवा गेले आहेत; त्यांच्या आठवणींची नोंद या परिसराच्या औद्योगिक वारशात व्हावी यासाठी पाठपुरावा करण्याइतका वेळ आपल्याकडे आहे.

व्यवहाराचे बोलायचे तर, कालव्यांची मालकी १९४८च्या राष्ट्रीयीकरणानंतर सरकारी मंडळांकडे होती. जुलै २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. संस्था धर्मादाय आहे याचा अर्थ ती सरकारी अनुदानाबरोबरच देणग्या आणि स्वयंसेवक यांच्यावर चालते. काठ साफ करणे, लॉकवर मदत करणे, रंगकाम करणे, अशा कामांसाठी ती गट घेते. कंपन्यांचे चमूही एखाद दिवसासाठी येतात. बर्मिंगहॅमच्या कालव्यांसाठी १९६८ पासून झटणारी बर्मिंगहॅम कॅनल नॅव्हिगेशन्स सोसायटी आहे. ज्या वर्षी या कालव्यांतले अनेक मार्ग निरुपयोगी ठरवून सोडून द्यायच्या बेतात होते, त्या वर्षी काही सामान्य नाववाले आणि हौशी लोक एकत्र आले म्हणून आज शंभर मैलांच्या आसपास जलमार्ग नौकानयनाला खुले आहेत. आपल्या गणेशोत्सवाच्या कार्यकारिणीत जेवढी माणसे खपतात त्याच्या दशांशाने लोक वर्षातून एखादा दिवस इकडे वळले तरी फरक दिसेल.

मात्र श्रमदानापेक्षाही महत्त्वाचे काम कागदावरचे आहे, आणि आपण कागदावर मुळीच कच्चे नाही. १९९०च्या वारसावास्तूंच्या कायद्यान्वये संरक्षित वास्तूच्या स्वरूपाला बाध येईल असा बदल परवानगीशिवाय करणे हा गुन्हा आहे. परवानगीसाठी अर्ज आला की स्थानिक परिषद तो आपल्या संकेतस्थळावर लावते, जागेवर नोटीस अडकवते, आणि हरकती-सूचनांसाठी साधारण २१ दिवसांची मुदत देते. बहुतेक अर्जांवर एकही नागरिक काही लिहीत नाही. जिथे दोन-चार पत्रे येतात तिथे अधिकाऱ्याला त्यांची दखल अहवालात घ्यावी लागते. गोमटी भाषा लागत नाही. ‘कठड्यावरच्या दोराच्या खाचा भरू नयेत, आणि रंगकामाआधी मूळ रंगाची तपासणी व्हावी’ एवढे साध्या इंग्रजीत लिहिले तरी ते पुरेसे आहे. फक्त ते अर्जाच्या क्रमांकासह आणि मुदतीत पोहोचले पाहिजे.

दुसरे काम नोंदींचे. हिस्टॉरिक इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसायादीत प्रत्येक संरक्षित वास्तूची नोंद आहे, आणि २०१६ पासून सामान्य लोकांना त्या नोंदींना छायाचित्रे व माहिती जोडता येते. जुळ्या पुलांवरच्या खाचांची जवळून घेतलेली छायाचित्रे, गॉल्टन घराण्याविषयीचा तो परिच्छेद, शेजारच्या ओतशाळेत राबलेल्या कुणा वडीलधाऱ्याची त्यांच्या संमतीने सांगितलेली आठवण, हे सारे तिथे जाऊ शकते. एकदा नोंदले गेले की पुढचा दुरुस्तीचा आराखडा करणाऱ्याच्या नजरेसमोर ते येते. खाचा कुठे आणि किती खोल आहेत, याची छायाचित्रांसह नोंद आज असेल, तर उद्या त्या बुजल्या गेल्याची तक्रार करायला आधार राहील.

शेवटी एक योजना मांडतो. सप्टेंबरमध्ये हेरिटेज ओपन डेजच्या, म्हणजे वारसास्थळे लोकांसाठी खुली ठेवण्याच्या उपक्रमाच्या, काळात स्मेदिक जंक्शनपासून गॉल्टन पुलापर्यंत काठाने चालत जायचे. वाटेत टेलफर्ड यांनी नव्या कालव्यावरून पाण्याची एक शाखा नेण्यासाठी बांधलेला इंजिन आर्मचा बिडाचा जलसेतू लागतो, आणि ब्रासहाऊस लेनवर १८९२ सालचे पंपघर आहे. अंतर लहान मुलांनाही झेपेल इतके आहे, वाट सपाट आहे. पुलांच्या चढणींवर मात्र घोड्याचा खूर घसरू नये म्हणून बसवलेल्या विटांच्या उंच पट्ट्या आहेत, तिथे ज्येष्ठांनी जपून चालावे, आणि बाबागाडी असेल तर ती उचलावी लागेल. छायाचित्रे आणि नोंदी करण्यासाठी चार जण, परिषदेच्या संकेतस्थळावरचे अर्ज दर पंधरवड्याला पाहण्यासाठी दोन जण, आणि पंजाबी शेजाऱ्यांशी बोलून आठवणी टिपण्यासाठी त्यांची भाषा येणारे कुणी, एवढी माणसे हवी आहेत. ज्यांना यांतले कोणतेही काम घेता येईल त्यांनी आपापल्या मंडळाच्या सचिवांकडे नाव द्यावे. सचिवांनी ती यादी ऑगस्टअखेरपर्यंत एकमेकांना कळवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्मेदिक परिसरातील एक मराठी रहिवासी